धुऱ्यावर जळणारा मल्चिंग पेपर आणि बॅरलमधलं तेल

प्रश्न भोकरदन तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या गावात मिरचीचं शंभर एकर तरी मल्चिंगवर, म्हणजे बेडवर प्लॅस्टिकचा पेपर अंथरून, आहे. पीक निघालं की पेपर गोळा करून धुऱ्यावर पेटवून देतात. ठिबकच्या जुन्या नळ्याही ढिगानं पडल्यात. मी आयटीआयचा वेल्डर आहे. दोनशे लिटरच्या बॅरलचा रिॲक्टर बनवून, खाली पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) जाळ लावून यातून डिझेल काढायचं म्हणतो. व्हिडिओत एका किलोला एक लिटर निघालेलं दाखवतात. ट्रॅक्टरला चालेल का? पुढे धंदा म्हणून परवडेल का?"

भाऊ, आधी सरळ उत्तर: बॅरल बनवू नका. प्लॅस्टिकमधून तेल निघतं ही गोष्ट खरी आहे. जालन्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका पायरोलिसिस युनिटवर मी अकरा वर्षं तेच काम केलं, शेवटची सहा वर्षं सगळं युनिट माझ्याच अंगावर होतं. पण निघतं ते डिझेल नसतं, ते तुमच्या ट्रॅक्टरला चालणार नाही, आणि बॅरलमध्ये ते काढताना माणूस भाजतो. तरी तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. धुऱ्यावरचा तो काळा धूर बघून त्याचं काहीतरी करावं असं वाटणारे फार कमी भेटतात. त्या पेपरचं काय करायचं याला उत्तर आहे. मात्र ते वेल्डिंगच्या कामापासून सुरू होत नाही, पेपरला चिकटलेल्या मातीपासून सुरू होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोणारी लोक कोळशाची भट्टी कशी लावत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. लाकूड रचायचं, वरून पाला-माती लिंपायची, हवा कोंडायची आणि आत धुमसू द्यायचं. हवा मिळाली असती तर लाकडाची राख झाली असती. हवा कोंडली म्हणून कोळसा राहतो आणि बाकीचं वाफ होऊन निघून जातं. प्लॅस्टिकचं पायरोलिसिस तेच आहे, फक्त इथे आपल्याला ती निघून जाणारी वाफच हवी असते. पॉलिथिन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची हजारो कड्यांची साखळी. बंद भांड्यात, हवेशिवाय, साडेतीनशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान तापवली की ती ठिकठिकाणी तुटते. मधल्या लांबीचे तुकडे थंड केल्यावर तेल होतात. एक ते चार कार्बनचे तुकडे वायूच राहतात. वीसच्या पुढचे मेणासारखे थिजतात. तळाशी काळी भुकटी उरते. जो वायू थंड होऊनही तेल होत नाही, तो परत बर्नरला द्यायचा. नीट चाललेल्या युनिटमध्ये सुरुवातीचे काही तास सोडले तर भट्टी बरीचशी त्याच वायूवर चालते.

उष्णतेच्या दृष्टीनं माल उत्तम आहे. एका किलो पॉलिथिनमध्ये दहा हजारांहून जास्त किलोकॅलरी असतात, म्हणजे जवळपास डिझेलइतक्याच. यंत्रं विकायला येणारे लोक हाच आकडा पुढे करतात, आणि तो खोटा नाही. पण त्या आकड्यातलं प्लॅस्टिक आणि तुमच्या शेतातून निघालेलं प्लॅस्टिक यांत फार अंतर आहे.

"किलोला लिटर" हा दावा वजनात मांडून पाहा. हे तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला साधारण आठशे ग्रॅम. म्हणजे किलोला एक लिटर काढायचं तर वजनानं ८० टक्के उतारा लागतो. स्वच्छ, कोरड्या, एकाच जातीच्या पॉलिथिनमधून प्रयोगशाळेत तो मिळतो. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं 'गेल' या सरकारी गॅस कंपनीबरोबर ऑगस्ट २०१९ मध्ये दिवसाला एक टन प्लॅस्टिक घेणारं युनिट सुरू केलं. टनाला ८०० लिटर डिझेल ही त्याची जाहीर क्षमता. म्हणजे देशातल्या जाणत्या शास्त्रज्ञांनी, निवडलेल्या मालावर सांगितलेला आकडासुद्धा किलोला लिटरच्या खालीच आहे. आमच्याकडे दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांवर वजनानं ६५-७० टक्के उतारा पडायचा. शहरातून मिसळून आलेल्या मालावर तो ४०-५० वर यायचा. यंत्र तेच, माणसं तीच, तापमानही तेच. साखर कारखान्याचा उतारा जसा उसावर ठरतो तसंच हे आहे. पाचट आणि माती घेऊन आलेल्या उसाला कोणतीही मशिनरी साडेअकराचा उतारा देऊ शकत नाही.

या विषयात महाराष्ट्र मागे नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. या शतकाच्या सुरुवातीला नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांच्या प्रयोगाची देशभर चर्चा झाली होती. पुण्याच्या डॉ. मेधा ताडपत्रीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेजुरीला युनिट उभं केलं. त्यांच्या कामातली मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट त्यांचं यंत्र ही नव्हे, तर घराघरातून स्वच्छ, कोरडं, वेगळं ठेवलेलं प्लॅस्टिक गोळा करण्याची त्यांनी लावलेली सवय. माल असा हातात आला की अर्धं काम झालेलं असतं. आपल्याकडे उलटं झालं. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या डेपोवर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, औरंगाबाद शहरात रस्तोरस्ती ढीग लागले, आणि त्यानंतर कचऱ्यातून तेल, कचऱ्यातून वीज असं सांगणाऱ्या विक्रेत्यांची आमच्याकडेही रीघ लागली. ओला कचरा वेगळा कोण करणार, असं विचारलं की त्यातल्या कुणाकडेच उत्तर नसायचं.

आता कोणतं प्लॅस्टिक चालतं ते. पॉलिथिन, म्हणजे मल्चिंग पेपर, दुधाच्या पिशव्या, शेततळ्याचा कागद, हे चांगलं. पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे विणलेल्या पोत्यांमधली बरीचशी पोती आणि डब्यांची झाकणं, हेही चांगलं. थर्माकोल चालतं, पण त्याचं तेल उग्र वासाचं आणि वेगळ्या जातीचं असतं. पाण्याच्या बाटल्या, म्हणजे पेट, चालत नाहीत. पेटच्या वजनाचा तिसरा हिस्सा ऑक्सिजन असतो. तापवल्यावर त्यातून तेलाऐवजी पांढरी आम्लाची भुकटी निघते आणि थंड पाइपात जाऊन बसते. पाइप बंद झाला की आत दाब चढतो. शिवाय बाटलीला भंगारात चांगला भाव आहे, तिला तेलात घालण्याचं कारणच नाही. कुरकुरे-गुटख्याच्या चमकणाऱ्या पुड्या अनेक थरांच्या असतात, उतारा कमी आणि राख जास्त. त्या सिमेंटच्या भट्टीत गेलेल्या बऱ्या. तिथे माल चौदाशे-साडेचौदाशे अंशांपर्यंत तापतो आणि राख सिमेंटमध्येच मुरते. चंद्रपूर, सोलापूरकडच्या सिमेंटच्या भट्ट्या आपल्याला जवळच्या.

सगळ्यात वाईट पीव्हीसी, आणि शेतातल्या मालात तेच जास्त मिसळतं. ठिबकची नळी पॉलिथिनची, पण त्या नळ्यांना पाणी पोचवणारा सबमेनचा पाइप पीव्हीसीचा. गुंडाळायचा रंगीत फ्लॅट पाइप बहुतेक पीव्हीसीचाच. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, क्लोरीन असतो. शंभर किलो मालात एक किलो पीव्हीसी गेलं तरी अर्ध्या किलोहून जास्त हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटतो. तोही अडीचशे-तीनशे अंशांना, म्हणजे तेल यायला लागायच्याही आधी.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षी हे घडलं. एका व्यापाऱ्याकडून शेतातल्या नळ्यांचा ट्रक आला. वरून सगळ्या काळ्या नळ्या, आत पाइपांचे तुकडे. घाई होती, निवडल्याशिवाय दोन खेपा लागल्या. तेल आलं ते आंबूस, डोळे चुरचुरणारं. तीन आठवड्यांनी कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या भांड्याच्या, नळ्यांना टाचणीएवढी भोकं पडली आणि थंड पाणी तेलात उतरलं. सगळे ट्यूब बदलावे लागले, युनिट जवळपास दोन महिने बंद राहिलं. त्या मालाला मी सही केली होती, त्यामुळे ती चूक माझी होती. त्यानंतर निवडीच्या टेबलावरून गेल्याशिवाय एक पिशवीही आत जाऊ दिली नाही.

निवडीचं काम करणाऱ्या आमच्या सात बायका होत्या. त्यातल्या एक मावशी डोळे मिटून सांगायच्या. चुरगाळल्यावर मऊ राहून ताणतं ते पॉलिथिन, करकर वाजतं ते पॉलिप्रॉपिलिन, आणि जड, दबलेलं, फुग्यासारख्या वासाचं ते पीव्हीसी. शंका आली तर आम्ही दोन परीक्षा घ्यायचो. एक, बादलीभर पाण्यात तुकडा टाकायचा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतं, पीव्हीसी आणि पेट बुडतं. दोन, तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. ही दुसरी परीक्षा उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून, नखाएवढ्या तुकड्यावरच करा. औषधांच्या फवारणीच्या बाटल्यांना मात्र परीक्षा नको, त्या बाजूलाच. त्यात उरलेलं कीटकनाशक बऱ्याचदा क्लोरीनचंच असतं आणि तापवल्यावर त्यातून काय सुटेल याची खात्री नसते.

तुमच्या मल्चिंग पेपरचा आता हिशेब मांडू. २५ मायक्रॉनचा, चार फूट रुंदीचा पेपर आणि पाच फुटांवर बेड धरले तर एकरात साधारण २६५० मीटर लांबी बसते, म्हणजे ४०० मीटरची साडेसहा बंडलं. एका बंडलात सुमारे ११ किलो प्लॅस्टिक. म्हणजे एकरी ७०-७५ किलो. शंभर एकरांचं झालं सात-साडेसात टन, तेही वर्षातून एकदाच. माल अगदी स्वच्छ करून ५५ टक्के उतारा मिळाला असं धरलं तरी चार टन तेल, पाच हजार लिटरच्या आसपास. बाजारात मिळणारा लहानातला लहान धंदेवाईक रिॲक्टर एका खेपेला काही टन खातो. तुमच्या गावाचा वर्षाचा सगळा माल त्याला दोन-चार दिवस पुरेल. उरलेल्या दिवसांत बँकेचा हप्ता कशावर भरणार? एका गावावर हा धंदा उभा राहत नाही. पंचवीस-तीस गावांचा माल एका जागी आणता आला, तरच त्याचा विचार करता येतो.

आणि वर धरलेले सात टन हे मातीशिवायचे. उपटलेल्या पेपरच्या वजनात निम्मी माती असते, काळ्या रानात तर कधी निम्म्याहून जास्त. आपली चिकण माती ओली असताना पेपरला जी धरते ती सुटत नाही. ती माती रिॲक्टरमध्ये गेली की तळाला आणि भिंतीला तिचा कोळशाबरोबर थर बसतो. जाळ खालून लागतोय, पण उष्णता आत पोचत नाही. पत्रा एके ठिकाणी लालभडक होतो आणि फुगतो. उत्प्रेरकाची पावडर वापरणार असाल तर मातीनं तीही मरते. विक्रेते त्या पावडरला गुप्त फॉर्म्युला म्हणतात. बहुतेक ती झिओलाइट नावाच्या खनिजाची किंवा साध्या चिकणमातीच्या जातीची असते. ती साखळ्या जरा कमी तापमानाला तोडते आणि हलकं तेल वाढवते. घाण मालाला ती स्वच्छ करू शकत नाही.

मग धुवायचं का? पुण्या-मुंबईचे सल्लागार पटकन म्हणतात, वॉशिंग लाइन टाका. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे उन्हाळ्यात प्लॅस्टिक धुवायला पाणी मागायची माझी तरी हिंमत झाली नाही. आम्ही कोरडी सफाई केली. मळणी यंत्राच्या जुन्या चाळण्या वाकवून एक तिरका, जाळीचा ड्रम बनवला, आत पट्ट्या लावल्या, मोटारीवर हळू फिरवला. पूर्ण वाळलेला पेपर त्यातून दोनदा गेला की बरीचशी माती खाली पडायची. तुम्ही वेल्डर आहात, तुमचं कसब इथे लावा. रिॲक्टरपेक्षा या ड्रमची मराठवाड्याला जास्त गरज आहे.

पण खरी सफाई शेतातच होते. मिरची संपत आली की पंधरा दिवस आधी ठिबक बंद करा, झाडं उपटून घ्या आणि बेड वाळू द्या. जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी, माती कोरडी होऊन पापुद्रा सुटायला लागला की पेपर ओढा. ओढतानाच झटका. सकाळच्या दवात किंवा पाणी दिल्यावर ओढलेला पेपर आणि दुपारी ओढलेला पेपर यांच्या वजनात मी दुपटीचा फरक पाहिला आहे. आणि पुढच्या वर्षी पेपर घेताना स्वस्तातला पंधरा-वीस मायक्रॉनचा घेऊ नका. तो उन्हानं कुजतो, निघताना चिंध्या होतात, निम्मा रानातच राहतो. जाड पेपर अखंड निघतो. रानात गाडले गेलेले तुकडे परत काढायचं यंत्र अजून माझ्या पाहण्यात नाही.

ठिबकच्या नळ्या तेलात घालायचा विचार सोडून द्या. जाड, एकाच जातीचा, ओळखू येणारा माल आहे तो. तो वितळवून त्याचा दाणा होतो, दाण्याचा पुन्हा काळा पाइप होतो. दाणेवाले तो वजनावर घेतात, आणि तेल करून जे हाती लागेल त्यापेक्षा जास्त पैसे देतात, तेही कोणताही धोका न घेता. २०२२ च्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या (प्लॅस्टिक बाजारात आणणाऱ्या कंपनीनंच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची, या व्यवस्थेच्या) मार्गदर्शक सूचनाही हाच क्रम सांगतात: ज्याचा पुनर्वापर होत नाही तेवढंच प्लॅस्टिक तेल, रस्ते, सिमेंट भट्टीकडे जावं. स्वच्छ, कोरडा मल्चिंग पेपरसुद्धा काही दाणेवाले घेतात, त्याचा आधी गट्टू (गरम करून दाबलेला गोळा) करतात आणि मग दाणा. तेलाकडे जे राहतं त्यातूनही राहिलेलं जायला हवं.

बॅरलबद्दल मी इतकं ठाम का बोलतो ते सांगतो. बॅरलचा पत्रा एक-सव्वा मिलिमीटरचा असतो. खरे रिॲक्टर बारा-सोळा मिलिमीटरच्या बॉयलर प्लेटचे असतात, तरी दर काही खेपांनी त्यांची जाडी मोजावी लागते. आतल्या वाफा चारशे अंशांच्या. डिझेल-पेट्रोलच्या जातीच्या वाफा त्या तापमानाला हवेला भेटल्या की पेटायला ठिणगीही लागत नाही. वेल्डला केसाएवढी चीर पडली तरी तिथून ज्योत निघते, आणि खाली तुमच्या पऱ्हाट्या जळतच असतात. माल थोडा ओला असला तर एक लिटर पाण्याची सतराशे लिटर वाफ होते. वितळलेलं प्लॅस्टिक दुधासारखं उतू येतं आणि बाहेर जायच्या पाइपात जाऊन थिजतं. पाइप बंद, जाळ चालू, दाब सोडणारा वाल्व्ह नाही. पुढे काय होतं ते लिहायला नको.

आणि सगळ्यात जास्त माणसं भाजतात ती शेवटी, झाकण उघडताना. तेल यायचं थांबलं, आता भुकटी काढू, असं वाटतं. बाहेरून हात लावण्याजोगं झालेलं भांडं आत अजून तापलेलं असतं, त्यात वाफा असतात, भुकटीत निखारा असतो. झाकण सैल केलं की हवा आत जाते आणि ज्वाळ बाहेर येते. आमच्या भागातल्या एका युनिटवर एक बावीस वर्षांचा मुलगा असा भाजला. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो होतो. त्याचे दोन्ही हात आणि गळा भाजला होता, आणि पहिलाच प्रश्न त्यानं विचारला तो खेप वाया गेली का हा. तेव्हापासून आमच्याकडे नियम होता: रात्रभर थंड, नायट्रोजन सोडून आतला वायू काढणं, तापमापीचा आकडा दोघांनी बघून वहीत लिहिणं, आणि मगच नटाला पाना.

आता ट्रॅक्टर. रिॲक्टरमधून आलेलं तेल म्हणजे पेट्रोलसारखा हलका भाग, डिझेलसारखा मधला भाग आणि मेण यांची मिसळ. हलक्या भागामुळे त्याच्या वाफा साध्या हवामानातही पेट घेतात. मेणामुळे हिवाळ्यात ते तुपासारखं थिजतं. आमच्या पहिल्या डिसेंबरमध्ये टाकीपासून बर्नरपर्यंतची सगळी लाइन गच्च झाली होती, गरम पाण्याच्या पोत्यांनी ती सोडवावी लागली. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तुटलेल्या साखळ्यांची टोकं अस्थिर असतात, महिना-दोन महिने ठेवलं की ती एकमेकांना धरतात, तेल काळपटतं आणि तळाशी डिंक जमतो. हा डिंक इंजेक्टरच्या सुईएवढ्या भोकांत बसतो. एप्रिल २०२० पासून देशात जे बीएस-६ डिझेल मिळतं त्यात गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही आणि सीटेन (इंजिनात डिझेल किती चटकन पेटतं त्याचा आकडा) किमान ५१ लागतो. तेवढं करायला तेल पुन्हा उकळून भाग वेगळे करावे लागतात आणि हायड्रोजन देऊन स्थिर करावं लागतं. ते रिफायनरीचं काम आहे. जुन्या पाच हॉर्सपॉवरच्या संथ इंजिनावर हे तेल ओढताना मी पाहिलं आहे. इंजिन चालतं. दोन हंगामांनी रिंगा आणि पंप बदलायचा खर्च येतो, तो व्हिडिओत दाखवत नाहीत. डिझेल म्हणून दुसऱ्याला विकलं तर तो सरळ गुन्हा आहे.

मग हे तेल जातं कुठे? जिथे फक्त उष्णता हवी तिथे. डांबराचे हॉट मिक्स प्लँट, ॲल्युमिनियम वितळवणाऱ्या भट्ट्या, री-रोलिंगच्या भट्ट्या, काही बॉयलर. फर्नेस ऑइलच्या, म्हणजे भट्ट्यांत जाळायच्या जड तेलाच्या, भावाखाली ते विकावं लागतं, कारण घेणाऱ्याला बर्नर जुळवून घ्यावा लागतो. फर्नेस ऑइल उतरलं की तुमचा भावही उतरतो आणि निवडीची मजुरी तेवढीच राहते. आम्हाला दोन वेळा याच कारणानं काही महिने नुसतं गोळा करून ठेवावं लागलं.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन संमती लागतात, आणि प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ खाली नोंदणी. तेलाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याच्या वाफा ज्योत दाखवताच पेट घेतात ते) २३ अंशांच्या खाली असला तर पेट्रोलियम कायद्यात ते 'अ' वर्गात येतं, तिथे स्वतःच्या वापरासाठीसुद्धा परवान्याशिवाय तीस लिटरांपलीकडे ठेवता येत नाही. म्हणजे एक बॅरल भरलं की तुम्ही कायद्याच्या बाहेर. तो परवाना पेसोकडून, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडून, मिळतो, मुख्य कार्यालय नागपूरला. विस्तारित जबाबदारीच्या प्रमाणपत्रांतून पैसे मिळतील असं कुणी सांगितलं तर त्यावर हिशेब मांडू नका, ती व्यवस्था पॅकेजिंगच्या प्लॅस्टिकची आहे आणि मल्चिंग पेपर पॅकेजिंग नाही. खाली उरणारी भुकटीही रानात टाकायची नाही. पेपरला काळा आणि चंदेरी रंग देणारं सगळं तिच्यात उरलेलं असतं.

धुऱ्यावर जाळण्यालाही कायदा आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. पण गावात दंडाची भीती दाखवून काही होणार नाही. पेपर नेणारं कुणी नाही म्हणून लोक जाळतात. नेणारं कुणी तयार झालं तर जाळणार नाहीत, हे मी जाफराबाद रस्त्यावरच्या दोन गावांत पाहिलं आहे. तिथे एका शेतकरी गटानं गोदामाच्या शेजारी पत्र्याची शेड दिली, झटकून वाळवलेला पेपर वजनावर घ्यायचं ठरवलं, आणि दुसऱ्याच हंगामात धुऱ्यावरचे ढीग कमी झाले. पैसे फार नव्हते. पण माल कुठे टाकायचा हे ठरलं होतं.

तुमच्याकडे उमेद आहे आणि हातात कला आहे, म्हणून एक काम सांगतो. येत्या जानेवारीत फक्त एका एकराचा पेपर घ्या. ओढल्यावर लगेच वजन करा. झटकून, तीन दिवस उन्हात वाळवून परत वजन करा. मग त्यातला पाच किलो पेपर पाण्यात खळबळून, वाळवून तिसरं वजन करा. म्हणजे माती किती, पाणी किती आणि प्लॅस्टिक किती हे तुमच्या रानाचं तुम्हाला कळेल. ते तिन्ही आकडे आणि मूठभर नमुना घेऊन जालना किंवा वाळूजच्या दोन-तीन दाणेवाल्यांकडे जा, कोणत्या सफाईला किती भाव देतात ते लिहून आणा. जाळीच्या ड्रमचं माप ठरवताना ते आकडे लागतील: किती लांब, जाळीची भोकं किती मोठी, किती उतार. मी वापरलेला ड्रम साडेतीन मीटर लांब, भोकं दहा मिलिमीटरची आणि मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्या असा होता. तुमच्या मातीला भोकं जरा मोठी लागतील असं मला वाटतं.